मोठ्या डॉक्टरांचे नऊ पॉइंट

आकडा चुकीचा असणार, असं फौजदार तीनदा म्हणाली आणि तिन्ही वेळा तिने मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवरचं पान नव्याने उघडलं. तिन्ही वेळा तोच आकडा आला. एकवीस.

लागत होते तीस. पाच वर्षांत तीस पॉइंट. म्हणजे दर दोन महिन्यांनी कुठल्या तरी सभागृहात बसायचं, कुणाचं तरी भाषण ऐकायचं, कार्ड दाखवून हजेरी लावायची, की डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन पुढच्या पाच वर्षांसाठी नवं. नाही भरले तर नाव यादीतून कमी, आणि ते पुन्हा चढवायचं तर वर्षभर हात बांधून बसा. बाबांची मुदत बुधवारी संपत होती आणि आज रविवार होता. घरबसल्या ऐकायच्या लेक्चरांचे पॉइंट सहाच्या वर धरत नाहीत, आणि ते सहा बाबांनी केव्हाच भरून टाकले होते. तीन दिवसांत उरलेले नऊ आणणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं.

बरं, माणूस कोण? सत्त्याहत्तराव्या वर्षी पहिल्या रांगेत बसून वहीत टिपणं काढणारा. कॉन्फरन्सच्या आदल्या दिवशी बूट पुसून ठेवणारा. मागच्या रांगेत डुलक्या काढणाऱ्या नवख्या डॉक्टरांवर डोळे वटारणारा. त्या माणसाचे पॉइंट कमी पडतात? छे. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं.

ती मुलांची डॉक्टर होती, दोनशे मैलांवर तिचा स्वतःचा दवाखाना होता, पन्नाशी उलटली होती. पण या घरात तिचं लहानपणी पडलेलं नाव अजून टिकून होतं: फौजदार. सहा वर्षांची असताना साखरेचा डबा कुणी उघडला ते तिने मुंग्यांच्या रांगेवरून शोधून काढलं होतं, आणि चोर निघाला होता मोठा भाऊ. दादा. दादाला जाऊन आता दीड वर्ष झालं होतं.

"माझ्याकडे असं बघू नकोस," धाकटा म्हणाला. "फॉर्म भरणं एवढंच माझं काम. पॉइंट काही मी खाल्ले नाहीत."

दोघं खालच्या मजल्यावर, बाबांच्या तपासणीच्या खोलीत बसले होते. रविवार, क्लिनिक बंद. बाहेरच्या बाकांवर कुणी नव्हतं, वजनकाट्यावर कुणीतरी विसरलेली छत्री होती. धाकट्याचं शेजारीच औषधांचं दुकान होतं. तिघा भावंडांत तोच काय तो डॉक्टर झाला नव्हता, आणि म्हणून घरातल्या चारही डॉक्टरांचे अर्ज, पासवर्ड, स्मरणपत्रं सगळं त्याच्या गळ्यात पडलं होतं.

"शेवटचा पॉइंट कधीचा आहे?" तिने विचारलं.

धाकट्याने लॅपटॉपवरचं पान खाली सरकवलं. "दादा गेला त्याच्या आदल्या महिन्यातला. त्यानंतर एकही नाही."

"एकही नाही कसा? मागच्याच महिन्यात बाबा गेले होते. मला फोनवर पाऊण तास सांगत होते, मधुमेहाच्या नव्या गोळ्यांबद्दल."

"तेच तर." त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई, बाबांची सर्टिफिकिटं कुणाच्या कपाटात असतात, ठाऊक आहे ना? वहिनीच्या. किल्ली पण तिच्याकडेच."

फौजदारच्या मनात पाल चुकचुकली. क्लिनिकचा परवाना तीन नावांवर होता: बाबा, दादा आणि वहिनी. दादा गेला. बुधवारी बाबांचं नाव गळलं, की उरली एकटी वहिनी. ओपीडीची वेळ तिची, आतल्या आठ खाटा तिच्या, बाहेरची पाटी तिची. दादा असताना ही बाई कधी मोठ्याने बोलली नव्हती. हल्ली रजिस्टरं मागवायची, पाळ्या ठरवायची, बाबांचे पेशंट परस्पर आपल्याकडे घ्यायची. म्हणे, बाबा दमतात.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? पुरावा आहे का माझ्याकडे? आणि मला इथेच राहायचंय, ताई. तू उद्या गाडीत बसशील."

हे मात्र खरं होतं. ती काही बोलणार तेवढ्यात वहिनी आत आली. हातात चहाचे तीन कप, बगलेत फाइल. ती बायकांची डॉक्टर होती. पहाटे एक बाळंतपण उरकून तशीच आली होती, डोळ्यांखाली काळं पडलं होतं. दोघं एकदम गप्प झालेली तिने पाहिली आणि कप जरा जास्तच जोरात ठेवले.

"चालू दे तुमचं. माझ्यामुळे थांबायची गरज नाही."

"बाबांचे नऊ पॉइंट कमी आहेत, वहिनी."

"माहीत आहे. शुक्रवारी धाकट्या भाऊजींनीच सांगितलं."

"शुक्रवारी? मला काल रात्री कळलं." फौजदारने धाकट्याकडे पाहिलं. तो चहा ढवळत होता, साखर नसलेला. "आणि दीड वर्षाची सर्टिफिकिटं?"

"एकही आलेलं नाही माझ्याकडे. ही फाइल. बघ, मोज, वास घे हवं तर." वहिनीने फाइल तिच्यापुढे टाकली. "तू काय विचारणार आहेस ते मला कळतंय. बाबांचं नाव कमी झालं तर माझं भलं होईल, असंच ना? रोजचे साठ पेशंट त्यांना बघायला येतात. मला नाही. ते बसले नाहीत तर निम्मं क्लिनिक रिकामं पडेल. मी काय बसल्या फांदीवर कुऱ्हाड मारू?"

बोलणं चोख होतं. फार चोख बोलणाऱ्या माणसावर फौजदारचा भरवसा बसत नसे, हा तिचा जुना रोग. तिने फाइल पानापानाने चाळली. खरंच काही नव्हतं. मग तिला सुचलं, की डॉक्टरांची स्थानिक संघटना प्रत्येक कॉन्फरन्सच्या हजेरीची यादी आपल्या वेबसाइटवर लावते. पंधरवड्यानंतर लावते, कुणी बघत नाही, पण लावते. तिने मागच्या महिन्याची यादी उघडली आणि नावांवरून बोट फिरवायला लागली.

बाबांचं नाव नव्हतं.

पण आडनावापाशी तिचं बोट थांबलं. नाव दादाचं होतं. रजिस्ट्रेशन नंबर दादाचा. हजर, सकाळी नऊ वाजून दहा; बाहेर, संध्याकाळी पाच.

तिने आधीची यादी उघडली. दादा हजर. त्याच्या आधीची. दादा हजर. तिने दादाचा नंबर कौन्सिलच्या पानावर घातला. रजिस्ट्रेशन चालू, मुदत पुढच्या वर्षी, पॉइंट तीस. तो गेला तेव्हा एकोणीस होते. गेल्यानंतर त्याने अकरा मिळवले होते.

तिने लॅपटॉप दोघांकडे वळवला. वहिनी खुर्चीचा हात धरून खाली बसली.

"हा काय प्रकार आहे?" तिने विचारलं, आणि तिचा आवाज चोख राहिला नव्हता.

"ते तुम्हीच सांगा," धाकटा म्हणाला. "दादाच्या वस्तू तुमच्याकडे आल्या. कार्ड तुमच्याकडेच असणार. क्लिनिकच्या परवान्यावर त्याचं नाव जिवंत ठेवून—"

"मी? अहो, मेलेल्या डॉक्टरचं रजिस्ट्रेशन जिवंत असलं तर सोय कुणाची? त्यांच्या लेटरहेडचे चार गठ्ठे तुमच्या दुकानाच्या माळ्यावर आहेत. झोपेच्या गोळ्या कुणाच्या सहीने विकताय?"

धाकटा ताडकन उठला. "तोंड सांभाळून बोला, वहिनी."

फौजदारचं मन आता दुसऱ्या बाजूला झुकलं. लेटरहेडचं तिला माहीत नव्हतं. आणि शुक्रवारची गोष्ट तिला शनिवारी रात्री का कळावी? "थांब," ती धाकट्याला म्हणाली. "दादा गेल्याचं कौन्सिलला कळवायचं काम तुझं होतं. कळवलं असतंस तर हे नाव केव्हाच गेलं असतं."

"वहिनीने कळवलं असेल, असं मला वाटलं."

"तुम्ही म्हणालात, मी बघतो," वहिनी म्हणाली. "मी त्या दिवसांत कसली कागदपत्रं करणार होते?"

"म्हणजे कुणीच नाही." फौजदारने कपाळावर हात मारला. घरात चार शिकलेली माणसं, आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या भरवशावर काखा वर केलेल्या. "ठीक आहे. कॉन्फरन्सच्या दारात कार्ड दाखवायला कुणीतरी जातंय. उद्या संघटनेच्या ऑफिसात जाऊन मी दारावरच्या बाईला विचारते. मग बघू कोण तोंडघशी पडतं."

"तिला कशाला विचारतेस?" दारातून आवाज आला. "मला विचार."

बाबा जिना उतरून कधी आले, कुणालाच कळलं नव्हतं. रविवार असूनही शर्ट खोचलेला, अंगात कोट, खिशाला पेन. ते आत आले, आपल्या खुर्चीत बसले आणि कोटाच्या आतल्या खिशातून गळ्यात घालायच्या निळ्या पट्टीचं एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. कार्डावर दादा हसत होता.

"मीच लावतो," ते म्हणाले. "दर वेळी. त्याच्या वस्तू मिळाल्या तेव्हा हे मी काढून घेतलं."

"पण दारावर कुणी बघत नाही?"

"मला ओळखतात ना सगळे. या डॉक्टरसाहेब, म्हणतात. मशीन वाजलं की झालं. फोटो कोण बघतंय."

फौजदारने आपलं व्यवहाराचंच काढलं, "मग बाबा, दोन्ही कार्डं लावायची. एक त्याचं, एक तुमचं. एवढी गोष्ट."

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांच्या खिशातच हात घातला होता. "एका खुर्चीवर दोघांची हजेरी? असली लबाडी मी जन्मात केली नाही."

धाकट्याला हसू फुटलं. त्याने ते खोकून घालवलं, आणि मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "अरे, पण मग सोपं आहे. कौन्सिलचा दुरुस्तीचा फॉर्म असतो. एकाच घरातल्या दोघांची कार्डं चुकून बदलली, असं नेहमी होतं. 'चुकून दुसऱ्याचं कार्ड लावलं' या ओळीपुढच्या चौकोनात खूण करायची. ते अकरा इकडे वळतील. एकवीस आणि अकरा, बत्तीस. उद्या सकाळी ऑफिसात नेऊन देतो, मंगळवारी काम फत्ते."

फौजदारच्या जिवात जीव आला. वहिनीचेही खांदे सैल झाले. पाच मिनिटांपूर्वी एकमेकांच्या नरडीला लागलेली ही तिघं आता एका बाजूला होती, आणि समोर म्हातारा एकटा.

"चुकून लावलं नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, ते नुसतं लिहायचं असतं."

"मी शुद्धीवर होतो. दर वेळी माझं कार्ड डाव्या खिशात होतं. चुकून लावलं असं मी लिहिणार नाही."

"आणि बुधवारनंतर काय करणार तुम्ही?" फौजदारचा तोल सुटत चालला. "बावन्न वर्षं बसलात या खुर्चीवर. वर्षभर वरच्या खोलीत पेपर वाचाल? तुम्हाला जमेल ते? आणि या वयात पुन्हा नाव चढवायला जाल?"

"नाही जाणार," बाबा म्हणाले. त्यांचा हात टेबलाच्या कडेवरून पुढेमागे फिरत होता. "मला नाही जमणार ते, माहीत आहे मला."

वहिनी इतका वेळ कार्डाकडे बघत होती. आता तिने हळूच विचारलं, "का लावलंत, बाबा?"

"त्याचे अकरा कमी होते."

"त्यांना आता पॉइंट काय करायचे होते?"

बाबांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल मिळेना, म्हणून तसाच हातात धरून बसले. "त्या रविवारी तो कॉन्फरन्सला यायला तयार नव्हता," ते म्हणाले.

वहिनी ताठ झाली. "हो. शनिवारी मला म्हणाले होते, उद्या कुठे जात नाही, झोपणार आहे. तीन रात्री जागलेले होते. सकाळी मी उठले तर आमच्या दारात गाडी नव्हती."

"मी बोलावलं त्याला. सहाला फोन केला. म्हणाला, बाबा, थकलोय, छातीत जड वाटतंय. मी म्हटलं, पॉइंट भरायची वेळ आली की तुझी छाती जड होते. त्याने फोन ठेवला. मी परत केला. म्हटलं, यादीतून नाव गेलं की मग झोप पोटभर, माझी शेजारची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवतोय, आलास तर ये." ते थांबले. "ठेवली होती धरून. बॅग ठेवून. पहिलं भाषण संपलं तरी आला नाही, म्हणून मी आतल्या आत चडफडत होतो. तो तेव्हा बाहेर गाडीतच..."

पुढचं सगळ्यांना माहीत होतं. गाडी उभी करून त्याने चावी काढली होती, दार उघडलं नव्हतं.

फौजदारला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही. बापाचा राग यावा की कीव यावी, तिला कळेना. डॉक्टर होते ते. छातीत जड वाटतंय, हे शब्द त्यांनी हजारदा ऐकले होते, आणि परक्या माणसाच्या तोंडून ऐकले असते तर धावत सुटले असते.

वहिनी मात्र रडली नाही. "सहा पाच आणि सहा वीस," ती म्हणाली. "दोन्ही फोन क्लिनिकच्या नंबरवरून."

"हो. आतला एक पेशंट बघायला खाली उतरलो होतो."

"रविवारी तुम्ही आठच्या आधी उतरत नाही."

"त्या दिवशी उतरलो. कॉन्फरन्सला निघायचं होतं ना."

"मला ते सुचलंच नाही." वहिनी म्हणाली. "दीड वर्ष मी तो फोन उघडून बघतेय, बाबा. मला खोटं सांगून ते पहाटे कुणासाठी उठून गेले, सभागृहाशी पोचण्याआधी कुणाला भेटले, एवढंच डोक्यात. क्लिनिकमध्ये त्या वेळी रात्रपाळीची सिस्टर असायची. दुसरं कोण असणार? बारा वर्षांची जुनी होती. मी पंधरा दिवसांत तिला काढलं. काही कारण नाही सांगितलं. ती इथे, या दारात उभी राहून विचारत होती, मॅडम, माझं काय चुकलं. मी वर बघितलंसुद्धा नाही."

सिस्टर आपल्या मर्जीने नोकरी सोडून गेली, असंच फौजदारला तेव्हा कळवलं होतं. ती काही विचारणार, तोच वहिनी तिच्याकडे वळली.

"तूच म्हणाली होतीस."

"मी?"

"मी तुला फोन केला होता. विचारलं, पहाटे सहाला क्लिनिकमधून ह्यांना कोण बोलावत असेल गं. तू म्हणालीस, त्या वेळी तिथे ड्युटीवर कोण असतं ते बघा, आपोआप कळेल."

आठवलं. नीट आठवलं. एका हाताने एका पोराला तपासत, दुसऱ्या हाताने फोन कानाशी धरून ती बोलली होती. बोलून वर आपल्या हुशारीवर खूशही झाली होती. आज सकाळपासून या खोलीत ती एकेकाला आरोपी करत होती, आणि दीड वर्षापूर्वी एका वाक्यात तिने एका बाईची भाकरी काढून घेतली होती, मेलेल्या भावाच्या नावाला डाग लावला होता. तिने तोंडावर हात धरला. वहिनीकडे बघायची तिची हिंमत होईना.

"उद्या मी सिस्टरच्या घरी जाणार आहे," वहिनी म्हणाली. "तू येणार आहेस माझ्याबरोबर. गाडी मंगळवारची कर."

"येते," फौजदार म्हणाली.

"मी पण येतो," बाबा म्हणाले.

वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती. दीड वर्षाचा हिशोब असा एका दुपारी मिटत नसतो. "तुमचं मला अजून काही ठरवता येत नाही, बाबा," ती सरळच बोलली. "पण या. तिला तुमच्या तोंडूनच ऐकू दे." मग ती धाकट्याकडे वळली. "भाऊजी, तो दुरुस्तीचा फॉर्म राहू द्या. दुसरा काढा. नाव कमी करायचा. ह्यांचं नाव कमी करायचा."

धाकट्याने मुकाट्याने प्रिंटर चालू केला. एकच पान निघालं. वर मृत डॉक्टरांची माहिती, ती वहिनीने भरली. अक्षर हललं नाही. खाली मृत्यूची खात्री देणाऱ्या डॉक्टरांची. हा डॉक्टर कौन्सिलच्या यादीत असायला हवा, असं बारीक अक्षरात लिहिलं होतं.

"द्या, मी करते सही," फौजदार म्हणाली. "माझं रजिस्ट्रेशन अजून तीन वर्षं आहे."

"माझं बुधवारपर्यंत आहे," बाबा म्हणाले आणि कागद आपल्याकडे ओढला.

त्यांनी नाव लिहिलं, न बघता नंबर घातला. 'मृत व्यक्तीला केव्हापासून ओळखता' असा एक रकाना होता. तिथे त्यांचं पेन थांबलं. धाकटा वाकून सांगायला गेला, की किती वर्षं ते आकड्यात लिहायचं असतं. फौजदारने त्याचा हात धरून त्याला मागे घेतलं.

बाबांनी लिहिलं, 'जन्मापासून.' खाली सही केली, तारीख टाकली आणि कागद सुनेपुढे सरकवला. तिने तो पूर्ण वाचला, घडी न घालता फाइलमध्ये ठेवला आणि टेबलावरचं दादाचं कार्ड उचलून आपल्या मुठीत घेतलं.

"उद्या सकाळची ओपीडी दहाला सुरू करू," ती म्हणाली. "सिस्टरकडे जाऊन यायचंय. बसाल ना?"

"बसेन की," बाबा म्हणाले. "बुधवार संध्याकाळपर्यंत."